कैद्याचं मत: आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कैद्यांच्या मताधिकारासाठी लढतो. निवडणूक जाहीर झाली की आमचे फोन वाढतात. तुरुंगातल्या मुलाकातीच्या रांगेत तासन् तास उभ्या राहणाऱ्या आया-बहिणी विचारतात, कायदा शिकणारी पोरं विचारतात, आणि ‘गुन्हेगारांचे लाड कशाला चालवलेत’ असं रागावून लिहिणारेही बरेच असतात. प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत. शब्दांबद्दल एक खुलासा. ज्याचा खटला अजून संपलेला नाही तो कच्चा कैदी आणि ज्याला शिक्षा झाली तो पक्का. सरकारी कागदावर यांनाच न्यायाधीन बंदी आणि सिद्धदोष बंदी म्हणतात. आम्ही बराकीतलेच शब्द वापरले आहेत.

१. तुरुंगात असलेल्या माणसाला भारतात मतदान करता येतं का?

नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२(५) नुसार जो तुरुंगात बंद आहे किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला कुठल्याही निवडणुकीत मत देता येत नाही. अपवाद एकच, प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांचा (प्रश्न ६ पाहा).

कलमाची भाषा वाचण्यासारखी आहे. कैदेची शिक्षा असो, काळ्या पाण्याची असो, ‘किंवा अन्यथा’, मत नाही. काळं पाणी आपल्या कायद्यातून १९५५ साली गेलं, तरी हे कलम अजून त्याचं नाव घेतं. खरी मेख मात्र ‘किंवा अन्यथा’ या दोन शब्दांत आहे. पुढचे निम्मे प्रश्न त्यातूनच निघतात.

२. माझ्या भावावर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. केस चालू आहे. तरी त्याचं मत गेलं?

हो, तो आत असेपर्यंत. गुन्हा सिद्ध झाला की नाही हे कलम ६२(५) विचारतच नाही. माणूस मतदानाच्या दिवशी गजांच्या कुठल्या बाजूला आहे, एवढंच ते पाहतं.

आता आत कोण आहे ते पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची होती. म्हणजे चारातले तीन. त्याच वर्षी सगळ्या तुरुंगांची मिळून क्षमता ४,३६,२६६ होती. पक्के कैदी एका दिवसात सगळे सोडून दिले असते, तरी निव्वळ कच्च्यांनी तुरुंग काठोकाठ भरलेले राहिले असते.

कायद्याची उलटी चाल इथे कळते. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेला, पण अपील दाखल करून जामिनावर सुटलेला माणूस रांगेत उभा राहून मत देऊ शकतो. मोबाइलचोरीच्या आरोपाखाली धरलेला, पंधरा हजारांचा जामीन मंजूर झालेला, पण जामीनदार आणि सॉल्व्हन्सीचा, म्हणजे ऐपतीचा, कागद न मिळाल्याने आतच राहिलेला पोरगा देऊ शकत नाही. दोघांमधला फरक पैशाचा आणि ओळखीचा आहे. गावात जमीन असलेला नातेवाईक, तहसील कचेरीत खेटे घालायला मोकळा माणूस, बरा वकील, हे ज्याच्याकडे आहे त्याचं मत शाबूत राहतं. म्हणून आम्ही मताची आणि जामिनाची गोष्ट वेगळी करत नाही (प्रश्न १६ आणि १७).

३. राज्यघटनेने तर प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिलं आहे. मग हे घटनेच्या विरोधात नाही का?

घटनेच्या अनुच्छेद ३२६ मध्ये प्रौढ मताधिकार आहे. त्यातच असंही म्हटलं आहे की रहिवास नसणं, मनोविकलता, गुन्हा किंवा निवडणुकीतला भ्रष्ट अथवा बेकायदा व्यवहार, या कारणांवरून कायद्याने एखाद्याला अपात्र ठरवता येईल. आमचं म्हणणं असं की इथे शब्द ‘गुन्हा’ आहे, ‘गुन्ह्याचा आरोप’ नाही. मग कच्च्या कैद्याला कोणत्या कारणाखाली वगळलं?

सर्वोच्च न्यायालयाने ते मानलेलं नाही. मताचा अधिकार कायद्याने दिलेला आहे आणि कायदा त्याला मर्यादा घालू शकतो, ही भूमिका १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालापासून चालत आली आहे. १९८३ मध्ये महेंद्रकुमार शास्त्री प्रकरणात आणि १९९७ मध्ये अनुकूलचंद्र प्रधान प्रकरणात ६२(५) ला थेट आव्हान दिलं गेलं. दोन्ही वेळा कलम टिकलं. फेब्रुवारी २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कायद्याच्या विद्यार्थ्यांची अशीच याचिका फेटाळली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी एका विद्यार्थ्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली. कायदा आज जिथे होता तिथेच आहे.

मराठी माणसाला एक विसंगती खटकावी. अस्पृश्य समाजाला कायदेमंडळात किती जागा आणि त्या कशा निवडायच्या, हे ठरवणारा पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा तुरुंगात झाला. प्रतिनिधित्वाचा एवढा मोठा सौदा ज्या आवारात ठरला, तिथल्या बराकींत आज मतपेटीला जागा नाही.

४. न्यायालयाने बंदीची कारणं काय दिली? ती पटण्यासारखी नाहीत का?

१९९७ च्या निकालात मुख्यतः तीन कारणं आहेत. पहिलं, कैदी स्वतःच्या वागण्यामुळे आत आहे, त्यामुळे बाहेरच्या माणसाइतकं स्वातंत्र्य त्याला मागता येणार नाही. दुसरं, सगळ्या कैद्यांच्या मतदानाची सोय करायची तर पोलीस बंदोबस्त आणि साधनं फार लागतील. तिसरं, गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणं हा वाजवी हेतू आहे.

तिसरं कारण त्या काळच्या संदर्भात समजून घ्यायला हवं. नव्वदच्या दशकात मतदान केंद्रं लुटली जात होती आणि राजकारणाच्या गुन्हेगारीकरणावर देशभर बोललं जात होतं. पण त्या रोगावर हे औषध लागू पडलं का? गंभीर गुन्ह्यांचे आरोप असलेले उमेदवार आजही उभे राहतात आणि निवडूनही येतात. मत गेलं ते बाकड्यावर झोपणाऱ्याचं.

पहिलं कारण पक्क्या कैद्याला लावता येईल. कच्च्याबाबत ‘स्वतःच्या वागण्यामुळे’ हे शब्द खटल्याच्या आधीच निकाल देऊन टाकतात.

दुसऱ्या कारणाचं उत्तर तुरुंगातच आहे. स्थानबद्धांना टपाली मतपत्रिका मिळते. त्याच कारागृहात, त्याच अधिकाऱ्यासमोर, त्याच आठवड्यात. पाकीट एका बराकीपर्यंत जाऊ शकतं, तर शेजारच्या बराकीपर्यंत जायला जादा फौजफाटा कशाला लागेल? शिवाय आपलं निवडणूक यंत्र हे जगातलं एक नवल आहे. गीरच्या जंगलात बाणेज इथे एका मतदारासाठी केंद्र उभारलं गेलं. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरच्या मतदारांच्या घरी जाऊन मतं घेतली. साडेदहा लाख मतदान केंद्रं मांडणाऱ्या यंत्रणेला तेराशेच्या आसपास तुरुंग जमणार नाहीत, हे आम्हाला पटत नाही.

५. जेलमधून लोक खासदार होतात, मग मत का देता येत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक हसत विचारतो.

कारण असं की उभं राहण्याची अपात्रता वेगळ्या कलमात आहे आणि ती दोषसिद्धीनंतर लागते, निव्वळ अटकेने नाही. मुंबईत कामगारांचे पुढारी म्हणून गाजलेले जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये बडोदा डायनामाइट खटल्यातले आरोपी म्हणून तुरुंगात होते आणि तिथूनच बिहारच्या मुझफ्फरपूरमधून लोकसभेवर निवडून आले. २०२४ मध्ये इंजिनिअर रशीद तिहारमध्ये असताना बारामुल्लातून जिंकले. या दोघांनाही कायद्याने स्वतःसाठी मत देता येत नव्हतं.

ही विसंगती एकदा उलट दिशेने सुटली होती. १० जुलै २०१३ रोजी जन चौकीदार प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की ज्याला मत देता येत नाही तो ‘मतदार’च नाही, म्हणून त्याला उभंही राहता येणार नाही. संसदेची एरवीची चाल पाहता तिने नवलाची घाई केली. त्याच वर्षी दुरुस्ती करून १० जुलैपासूनच लागू केली आणि लिहिलं, मत देता येत नसलं तरी यादीत नाव असलेला माणूस मतदार राहतो. उमेदवारी वाचली आणि मत तिथेच राहिलं. दुरुस्ती करायला सगळे बसलेच होते, त्याच बैठकीत आणखी एक वाक्य घालता आलं असतं.

६. आमच्या वस्तीतल्या एकाला एमपीडीएखाली आत टाकलंय. त्याला म्हणे मत देता येतं. खरं का?

खरं आहे. प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांना, म्हणजे आपल्याकडे एमपीडीए किंवा राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावलेल्यांना, ६२(५) ची बंदी लागत नाही. १९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणे त्यांचं मत टपालाने होतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पंधरा दिवसांत सरकारने स्थानबद्ध मतदारांची नावं निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला कळवायची असतात. स्थानबद्ध माणूस स्वतःही तेवढ्याच मुदतीत कळवू शकतो. सरकारवर विसंबून राहू नका. घरच्यांनी यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक काढून मुलाकातीत सांगावा, आणि त्याने अधीक्षकांमार्फत अर्ज द्यावा.

यामागचा तर्क असा की स्थानबद्धता ही शिक्षा नाही, सरकारने संशयावरून केलेली खबरदारी आहे, आणि सत्ताधाऱ्यांना विरोधकांची मतं अशी गोठवता येऊ नयेत. तर्क चांगला आहे. पण कच्चा कैदीही शिक्षा भोगत नसतोच. म्हणजे सरकारने ‘धोकादायक व्यक्ती’ ठरवलेल्याला मत आहे आणि साध्या चोरीच्या संशयिताला नाही. त्या स्थानबद्ध माणसाचं मत काढून घ्या, असं मात्र आम्ही कधीच म्हणणार नाही.

एक गुंता लक्षात ठेवा. एमपीडीएच्या माणसावर बहुधा दुसरे गुन्हेही असतात. त्यातल्या एखाद्यात त्याची न्यायालयीन कोठडी चालू असेल, तर तो ‘अन्यथा’ही बंद आहे, असं बोट दाखवलं जाऊ शकतं. अशा वेळी आधी वकिलाकडून त्या दुसऱ्या गुन्ह्यातला जामीन पक्का करून घ्या.

७. जामिनावर, पॅरोलवर किंवा फर्लोवर असलेल्याचं काय?

जामिनावर असेल तर बिनधास्त जाऊन मत द्या. शिक्षा झाली असली आणि अपील प्रलंबित असलं तरीही. जामिनाच्या अटीत जिल्ह्यात यायला मनाई असेल, तर मात्र आधी न्यायालयाची परवानगी लागेल.

अभिवचन रजा आणि संचित रजा, म्हणजे पॅरोल आणि फर्लो, यांवर कलम स्पष्ट बोलत नाही. शब्दाला धरून वाचलं तर रजेवर घरी असलेला माणूस ‘तुरुंगात बंद’ नाही आणि पोलिसांच्या ताब्यातही नाही. तो मत देऊ शकतो, असं आमचं वाचन आहे. विरोधी वाचन असं की रजा संपली की तो परत जाणार, शिक्षा चालूच आहे. केंद्रावर वाद नको असेल, तर रजेचा आदेश आणि ओळखपत्र जवळ ठेवा, आणि मतदानाच्या काही दिवस आधी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला लेखी विचारून उत्तर हातात घ्या. रजेत ठरवून दिलेल्या गावाची हद्द मतासाठी ओलांडू नका. पुढची रजा धोक्यात येईल.

८. तडीपार माणूस मत देऊ शकतो का? आणि चॅप्टर केस झालेला?

तडीपार माणूस तुरुंगात नसतो, त्यामुळे त्याचा अधिकार जात नाही. अडचण वाटेची आहे. मत ज्या जिल्ह्यात, तिथेच पाऊल टाकायची बंदी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात तात्पुरत्या प्रवेशाच्या परवानगीची सोय आहे. तिच्यासाठी आधी अर्ज करा. परवानगीशिवाय गेलात तर मत होईल आणि नवा गुन्हाही.

चॅप्टर केसमध्ये, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेण्याच्या कारवाईत, बंधपत्र लिहून दिलं आणि बाहेर आलात, तर काही अडचण नाही. बंधपत्र लिहून दिलेला मतदार पूर्ण मतदार असतो.

९. मतदानाच्या आदल्या रात्री उचललं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोडलं. मग?

मत गेलं, दाद नाही. कलमात पोलिसांचा ‘कायदेशीर ताबा’ आहे, आणि तो एका रात्रीचा असला तरी ताबाच. अटकच बेकायदा असेल तर त्याविरुद्ध दाद मागता येते, पण त्या दिवशीचं मत परत येत नाही. आमच्या मते ६२(५) मधला सगळ्यात धोकादायक भाग हा आहे, आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

१०. नवरा दोन वर्षं आत आहे. यादी तपासायला आलेले म्हणाले नाव काढावं लागेल. काढू द्यायचं का?

अजिबात नाही. दोन आधार लक्षात ठेवा. २०१३ च्या दुरुस्तीने (प्रश्न ५) बंदीमुळे यादीतलं नाव जात नाही, हे स्पष्ट केलं आहे. आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० प्रमाणे तुरुंगात ठेवलेला माणूस केवळ त्या कारणाने तुरुंगाच्या पत्त्याचा रहिवासी ठरत नाही. त्याचा पत्ता घरचाच.

प्रत्यक्षात काय होतं, तर मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी येते, ‘इथे राहत नाहीत’ असं शेजारी सांगतात, आणि नोंद ‘स्थलांतरित’ अशी पडते. लाजेपोटी घरचेही खरं सांगत नाहीत. बाहेरगावी कामाला गेलाय, असं म्हणतात आणि तेच अंगाशी येतं. तिला बाजूला घेऊन खरं सांगा. वगळण्याचा अर्ज नमुना ७ चा असतो, त्यावर सही करू नका. नाव गेलंच असेल तर सुटल्यावर नमुना ६ भरून पुन्हा नोंदवा. टोल फ्री क्रमांक १९५०.

नाव टिकवण्याचा हा खटाटोप फुकट नाही. जामीन कधीही होऊ शकतो, आणि सुटल्यावर यादीत नाव नसेल तर दुसरी निवडणूकही जाते.

११. शिक्षा भोगून सुटल्यावर किती वर्षांनी मत देता येतं?

त्याच दिवसापासून. सहा वर्षांचा गैरसमज फार पसरला आहे आणि त्यापायी कितीतरी माणसं आयुष्यभर केंद्राकडे फिरकत नाहीत. सुटकेनंतरची सहा वर्षांची बंदी निवडणूक लढवण्यावर आहे, आणि ती साधारणपणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेल्यांना लागते. काही ठरावीक गुन्ह्यांत तेवढ्या शिक्षेचीही गरज नसते.

मतावर सहा वर्षांची बंदी येऊ शकते ती निवडणुकीतल्या लाचखोरी, दडपशाही किंवा भ्रष्ट व्यवहाराबद्दल. महाराष्ट्राला याचं उदाहरण आठवत असेल. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतल्या भाषणांवरून ११ डिसेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पुढे १९९९ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार त्या तारखेपासून सहा वर्षांसाठी काढून घेतला गेला. ते तुरुंगात नव्हते. तुरुंग आणि मत यांची गाठ कायद्यातच किती सैल आहे, ते यावरून दिसतं.

१२. आमदार कोठडीत असतील तर त्यांना राज्यसभेसाठी मत देता येतं का?

कोणती निवडणूक, त्यावर आहे. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा कायदा वेगळा, १९५२ चा. म्हणून जुलै २०१७ मध्ये छगन भुजबळ आणि रमेश कदम यांना कोठडीतून नेऊन मत देऊ दिलं. राज्यसभा आणि विधान परिषदेला मात्र ६२(५) लागतं. जून २०२२ मध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना मुंबईतल्या न्यायालयांनी परवानगी नाकारली. परिषदेच्या मतदानाच्या दिवशी, २० जूनला, सर्वोच्च न्यायालयानेही तातडीचा दिलासा दिला नाही, पण कलमाचा अर्थ तपासण्याची तयारी दाखवली. दोन आमदारांसाठी हा प्रश्न काही दिवसांतच मुंबईहून दिल्लीपर्यंत पोचला. बाकीच्यांना वकीलपत्रावर सही घ्यायलाच आठवडा जातो.

१३. खुल्या कारागृहातल्यांना तरी असेल ना?

नाही. कायद्याच्या नजरेत तेही कारागृहच. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर १९३९ मध्ये औंध संस्थानाने वसवलं. भिंतीशिवाय, कुटुंबासकट, शेती करत शिक्षा भोगायची वसाहत. पैठण आणि येरवड्यालाही खुली कारागृहं आहेत. या माणसांवर राज्य एवढा विश्वास टाकतं की कुलूप लावत नाही. मतपत्रिका द्यायची सुरुवात कुठून करायची, असं कुणी विचारलं तर आम्ही आटपाडीचं नाव घेतो.

१४. ज्याने खून केला, बलात्कार केला, त्याला मत कशासाठी? पीडितांचा विचार करता का?

करतो. आमच्यात अशाही बाई आहेत ज्यांच्या घरचा माणूस मारला गेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: त्याला जन्मठेप झाली ती मला हवी होती, त्याचं मत जाऊन मला काय मिळालं?

हा प्रश्न सोपा नाही, आणि आमच्यातही एकमत नाही. काही जण म्हणतात, सगळ्या कैद्यांना मत द्या. काहींना वाटतं, अतिगंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांचं मत शिक्षेच्या काळापुरतं न्यायाधीशाने काढावं, पण निकालपत्रात तसं लिहून, कारण देऊन. दोन्ही गटांना मान्य असलेली गोष्ट अशी की मत काढून घेणं ही शिक्षा असेल, तर ती शिक्षा झालेल्यालाच व्हावी. आज ती सरसकट आहे. म्हणून कच्चा कैदी ही आमची पहिली मागणी आहे, आणि तिच्यावर मतभेद नाहीत.

१५. बराकीतले दादा सगळ्यांची मतं एकाला फिरवतील, त्याचं काय?

भीती खोटी नाही. बराकीत कुणाचं चालतं हे आम्हाला माहीत आहे. पण टपाली मत तुरुंगाच्या मतदारसंघात मोजलं जात नाही, ते ज्याच्या त्याच्या गावी जातं (प्रश्न १०). येरवड्यातली हजारो माणसं पुण्याचा आमदार ठरवणार नाहीत. ती मतं बीड, लातूर, गोंदिया आणि अगदी उत्तर प्रदेशापर्यंत विखुरतील. दबावाचा प्रश्न उरतोच, पण तो झोपडपट्टीत, साखर कारखान्यात आणि गावच्या सोसायटीतही असतो. तिथे आपण मत गुप्त ठेवण्याची व्यवस्था सुधारतो, मत काढून घेत नाही.

दुसऱ्या देशांनीही हे करून पाहिलं आहे. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने १९९९ मध्ये कैद्यांची नोंदणी करायला लावली, आणि सरकारने नंतर शिक्षा झालेल्यांना वगळायचा प्रयत्न केला तेव्हा २००४ मध्ये तोही हाणून पाडला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये उरलीसुरली बंदी उठवली. ब्रिटनचं उदाहरण आपल्या जवळचं. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये सरसकट बंदी चूक ठरवली, तरी तिथली संसद वर्षानुवर्षं अडून बसली, आणि शेवटी सुटली ती फक्त तात्पुरत्या रजेवर असलेल्यांसारखी मोजकी माणसं. पण कच्च्या कैद्यांना ब्रिटनमध्ये आधीपासूनच मत होतं. आपण त्याबाबत ब्रिटनच्याही मागे आहोत.

१६. तुम्ही मतासाठी लढता की तुरुंगसुधारणेसाठी? तिथे धड पाणी नाही आणि तुम्हाला मतदान सुचतं?

हे एका कैद्याच्या आईने विचारलं होतं, आणि तिचं बरोबर होतं. पाणी आधी.

तरी थोडं ऐका. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्येच तुरुंगांचा भलामोठा अहवाल दिला. आदर्श नियमावल्या आल्या, २०१६ ची आली, २०२३ मध्ये केंद्राने नमुना कायदाही केला. एवढं होऊनही १८९४ चा इंग्रजांचा कायदा अनेक ठिकाणी मुरलेला आहे. जातीवरून कामं वाटणारे नियम तुरुंगांच्या पुस्तकांत राहिले आणि ते जायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. सुकन्या शांता या पत्रकार बाईंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोंदवहीतला जातीचा रकानाच काढायला सांगितला. इतका वेळ का लागला? एक कारण आम्हाला दिसतं. साडेपाच लाख माणसांच्या प्रश्नावर मत मागायला कुणी येत नाही. उमेदवार स्मशानभूमीच्या शेडचं आश्वासन देतो, बराकीच्या संडासाचं देत नाही.

कैदी आत गेला म्हणून माणसाचे सगळे हक्क संपत नाहीत, हे सांगणारा एक जुना निकाल मराठी पुस्तकावरून झालेला आहे. प्रभाकर संझगिरी स्थानबद्ध असताना त्यांनी मराठीत अणुविज्ञानावर पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. १९६० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला सांगितलं की स्थानबद्धतेच्या अटींत नसलेली बंधनं लादता येणार नाहीत. मताचा मुद्दा आम्ही याच वाटेने नेऊ पाहतो.

१७. जामीन मंजूर आहे, पण पैसे नाहीत म्हणून मुलगा आतच आहे. काय करू?

मतापेक्षा हे तातडीचं आहे, म्हणून नीट वाचा.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. वकील फुकट मिळतो. मदत क्रमांक १५१००. तिथे दोन गोष्टी विचारा. पहिली, केंद्राची गरीब कैद्यांसाठीची २०२३ ची योजना. तिच्यात, २०२३ च्या नियमांप्रमाणे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि पक्क्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत मदत होऊ शकते. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, यूएपीए अशा काही गुन्ह्यांना ती लागू नाही. दुसरी, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. मुलगा पहिल्यांदाच अडकला असेल आणि त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर सुटकेचा विचार व्हायलाच हवा. पहिल्यांदा नसेल तर निम्मा काळ. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून जास्त खटले प्रलंबित असलेल्यांना ते लागत नाही. हा अर्ज न्यायालयाकडे पाठवणं अधीक्षकांचं काम आहे. मुलाकातीला जाल तेव्हा दिवस मोजून, कागदावर लिहून न्या. ‘किती दिवस झाले’ याचं उत्तर बोटांवर देणाऱ्या आईकडे कारकून वेगळ्या नजरेने पाहतो.

१८. मी साधा माणूस. मला काय करता येईल?

कायदा संसदेचा आहे, विधानसभेला तो बदलता येत नाही. म्हणून पत्र आमदाराला नको, खासदाराला लिहा, आणि एकच ओळ मागा: कलम ६२(५) मधून कच्चे कैदी वगळा. माहिती अधिकारात जिल्ह्याच्या कारागृहाला विचारा की गेल्या निवडणुकीत किती स्थानबद्धांना टपाली मतपत्रिका मिळाल्या. प्रश्न ४ मधला खर्चाचा मुद्दा या एका उत्तराने बराच हलका होतो. वस्तीतलं कुणी नुकतं सुटून आलं असेल तर त्याला घेऊन नमुना ६ भरा. मोर्चापेक्षा याने जास्त काम होतं.

१९. मतदानाच्या दिवशीच जामिनाचा आदेश आला तर?

तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. माणूस आदेशाने सुटत नाही, आदेश तुरुंगात पोचल्यावर सुटतो. मुंबईच्या आर्थर रोडला दाराशी जामीनपेटी आहे, ठरलेल्या वेळांनाच उघडते. संध्याकाळची शेवटची वेळ चुकली तर कागद रात्रभर पेटीत आणि माणूस आत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये आपले आदेश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने थेट तुरुंगात पाठवायला सुरुवात केली, पण तालुक्याच्या न्यायालयाचा आदेश अजून बऱ्याचदा कुणाच्या तरी पिशवीतून प्रवास करतो. म्हणून आदेश मिळताच प्रत घेऊन कुणीतरी स्वतः जा.

दुसरी अडचण ओळखपत्राची. अटकेच्या वेळी पाकीट जमा झालेलं असतं, कधी मुद्देमालात अडकलेलं असतं. घरून फोटो असलेलं बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं कार्ड, पॅन, यांपैकी काहीतरी घेऊन फाटकाशी उभे राहा. मतदार ओळखपत्राच्या जागी हे चालतं. मग घरी नेऊन ओवाळायच्या आधी त्याला केंद्रावर न्या. मतदान संपायच्या वेळेला जो रांगेत उभा आहे त्याला चिठ्ठी मिळते, आणि त्याचं मत झाल्याशिवाय केंद्र बंद होत नाही.